फाटकातली झडती

"खिसे," बंबकाका म्हणाले आणि त्यांनी आपल्या मुलीपुढे तळहात धरला.

फाटक नुसतं नावाला उभं होतं. दोन्ही अंगांचं कुंपण केव्हाच निघालं होतं, निलगिरीची झाडं तोडून नेली त्याच वेळी. मजुरांची टोळी पाठीवर पाण्याचे पंप घेऊन फाटकाला वळसा घालून आत गेली होती आणि तिथून मजा बघत होती. मुलगी मात्र फाटकातूनच आली. या माळाचं काम आता तिच्याकडे होतं, हुकूम तिचा चालायचा. पण बाबा फाटकात उभे असताना कडेने निघून जायचं तिच्या जिवावर आलं.

तिने खिसा उलटा केला. रुमाल, किल्ली, गोळीचा चुरगळलेला कागद. आणि काडेपेटी.

बंबकाकांनी ती नेमकी उचलली. नोकरीभर त्यांनी दुसरं केलं काय होतं? निलगिरीच्या रानात शिरणाऱ्या प्रत्येकाची झडती घ्यायची, मग तो साहेब असो की स्वतःचा जावई. धूर दिसला की भरल्या ताटावरून उठून धावायचे, म्हणून तर बंब हे नाव पडलं. काका नंतर लागलं, वयामुळे. आजही त्यांच्या खांद्यावर भिजवलेलं पोतं होतं आणि त्याचं पाणी पाठीवरून ठिबकत होतं.

"म्हणजे आज पुन्हा जाळणार तू."

"हो. या वेळी सांगून जाळतेय."

मागच्या वर्षी तिने सांगितलं नव्हतं. बाबांच्या मनाला लागेल म्हणून त्यांचा डोळा लागलेला बघून तिने माळ पेटवला. बंबकाकांना झोपेतच वास आला. ते अनवाणी धावले आणि कुणी आवरेपर्यंत पोत्याने झोडपून झोडपून अर्धा माळ विझवून मोकळे झाले. मजूर पोट धरधरून हसले. बापलेक त्या रात्री एकमेकांशी बोलले नव्हते.

"आधी बघा तरी," ती म्हणाली. "मग वाटलं तर ठेवून घ्या पेटी. पण वारा उठायच्या आत काय ते ठरवा. आज राहिलं तर यंदाचं राहिलंच."

ते तिच्या मागून चालू लागले. पायाखाली पाचोळा करकरत होता. निलगिरीचा, वर्षानुवर्षांचा, घोटाभर. त्यात काळे पडलेले खुंट, बाकी हिरवं म्हणून काही नाही. मग एकाएकी पाचोळा संपला. माळावर एक वेडीवाकडी रेघ होती. तिच्या पलीकडे गुडघाभर गवत डोलत होतं, तांबूस तुऱ्यांचं, आणि गवताच्या बुडाशी जमिनीला चिकटून पिवळी फुलंच फुलं.

ती रेघ कुणाच्या पोत्याने आखली, हे बंबकाकांना सांगावं लागलं नाही.

ते गुडघ्यावर हात देत वाकले. एक फूलझाड धरून त्यांनी ओढून पाहिलं. हललं नाही.

"नाही निघणार, बाबा. झाडच आहे ते. खोड सगळं जमिनीखाली."

"कधी लावलंस?"

"मी कुठलं लावतेय! तुम्ही नोकरीला लागलात ना, त्याच्याही आधीपासून आहे. वरची सावली गेली, पाचोळा जळाला, तेव्हा कुठे त्याला वर येता आलं."

"आणि मी रोज त्याच्या डोक्यावरून फेऱ्या मारत होतो."

"हळू मारत असाल," ती म्हणाली. "जगलं बिचारं."

बंबकाका हसले नाहीत. ते वळून तपकिरी बाजूकडे बघत राहिले.

"ही बाजू मी वाचवली."

"हो."

"इथेही असतील? खाली?"

"असतील. पण आणखी किती दम धरतील, कोण जाणे."

तेवढ्यात टोळीतून कुणीतरी ओरडलं, "बाई, वारा उठेल हं! आणि बंबकाकांचं पोतं आधी काढून घ्या!"

हशा पिकला. ती गर्रकन वळली. "पोतं राहील त्यांच्यापाशीच! माती उकरून कड मोकळी केलीय, तिच्यापलीकडे ठिणगी उडाली तर तेच धावणार आहेत. तुम्ही पंपाचा नळ शोधत बसाल."

हशा विरला. बंबकाकांनी पोतं खांद्यावर नीट केलं आणि काडेपेटी पुढे केली. तिने घ्यायला हात लांबवला, तर त्यांनी मूठ मिटली. पेटी त्यांनीच उघडली.

घरातली शेगडीसुद्धा त्यांनी कधी पेटवली नव्हती. आधी बायको पेटवायची, नंतर मुलगी. त्यांनी काढलेली काडी उलटी धरली होती. तिने ती त्यांच्या बोटांत सुलटी करून दिली.

काडी पेटली. एवढीशी ज्योत, त्यांच्या ओंजळीत. कुणी काही म्हणायच्या आत बंबकाकांनी फू करून ती विझवली.

"सवय गं," ते ओशाळून म्हणाले, आणि त्यांनी दुसरी काडी काढली.