सोमाची जत्रा

“सोमा, राहणार नंदिगड्डे. शेतसाऱ्याच्या दप्तरात नोंद नाही,” यंत्र गोड आवाजात म्हणालं.

आजोबांचं नाव इथंही नाही म्हटल्यावर नागेशनं मान खाली घातली. पंचायतीच्या खिडकीबाहेर धुकं सुपारीच्या झाडांत रेंगाळत होतं. रांगेतली माणसंही अर्धवट झोपेत असल्यासारखी उभी होती. अर्जांचा आज शेवटचा दिवस. घराणं १९३० च्या आधीपासून इथंच राहतं याचा कागद मिळाला, तरच रानातलं शेत नावावर होणार. नाहीतर ते सोडायचं. सगळी जुनी दप्तरं या यंत्रात भरली होती. बोलून विचारायचं, ते बोलून सांगायचं.

“जन्माच्या नोंदीत बघ.”

“नाही.”

“शाळेच्या?”

“नाही.”

“न्हाई सापडायचं,” मागून शेजारचा झिलू म्हणाला. “आमच्या आज्याचंबी काल न्हाई सापडलं. पर त्यानं सरकारी रानातलं पानसुद्धा तोडलं न्हाई हां! तुमचा सोमा मातर पंधरा दिस उळवीच्या जत्रेला गेलता म्हणं!”

रांगेत खसखस पिकली. नागेशचे कान तापले. घरी हेच सांगत. लहानपणी त्याला स्वप्न पडायचं: आजोबा खांद्यावर गाठोडं घेऊन धुक्यातून जत्रेला निघालेत. जत्रा पंधरा दिवस चालत नाही, हे कळल्यावर ते स्वप्न पडायचं थांबलं होतं.

त्याची आई पुतळी भिंतीशी डोळे मिटून बसली होती. ती उठली आणि देवाशी बोलावं तशी यंत्राला हळूच म्हणाली, “बाबा, माझ्या सासऱ्यानं रानातलं लाकूड चोरलं व्हतं काय?”

“आव्वा!” नागेशनं तिचा हात धरला. “घरी चल!”

यंत्रानं या वेळी गुन्ह्यांची दप्तरं चाळली.

“सोमा, राहणार नंदिगड्डे. सागवानाची चोरी. पंधरा दिवस कैद. साल १९२७.”

रांगेतल्या माना नागेशकडे वळल्या. नागेशला वाटलं, बाहेरच्या धुक्यातून कुणीतरी सावकाश चालत येतंय. खांद्यावर गाठोडं नव्हतं, ओंडका होता. धरणीनं पोटात घ्यावं, असं त्याला झालं.

यंत्रापाशी बसलेल्या पंचायतीच्या कारकून राजेश्वरीनं तेवढाच कागद छापला, दोनदा वाचला आणि शिक्का मारून पुतळीच्या हातात ठेवला.

“राहणार नंदिगड्डे, साल १९२७. आजी, पुरावा मिळाला की तुमचा!”

रांग जागी झाली. झिलू सगळ्यांना ढकलत पुढं आला. डोक्याचा टॉवेल काढून त्यानं यंत्रासमोर हात जोडले.

“परत एकदा बघ बाबा,” तो काकुळतीनं म्हणाला, “आमच्या आज्यानंबी कायतरी चोरलं असंलच!”