बैलाची लाथ

बडगुजर गुरुजींचा पाय मी मोडला. सहासष्ट सालची गोष्ट. तीन वर्षांत चार मास्तर आमच्या गिरणाकाठच्या गावाला पाठ दाखवून गेले होते, आणि हे पाचवेही बदलीचा हुकूम खिशात घालून, ट्रंक उचलून एसटीकडे निघाले. माझी पोर आत्ता कुठे अक्षर लावून वाचायला लागली होती. मी वाटेत आडवा झालो आणि कुऱ्हाडीचा दांडा त्यांच्या नडगीवर घातला. कपाशीची वाळली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज आला. ते खाली पडले, तरी मी दुसरा घाव घातलाच.

"आते कोठे जाशात, गुरुजी?"

तीन महिने ते बाजेवर होते. रोज सकाळी आम्ही चौघं ती बाज उचलून शाळेत फळ्याजवळ ठेवायचो आणि ते पडल्या पडल्या शिकवायचे. भडगावहून हवालदार चौकशीला आला, तेव्हा "बैलानं लाथ मारली" एवढंच बोलले. बदली रद्द झाली. पाय मात्र वाकडाच जुळला.

अडुसष्टला चौथीची परीक्षा दोन महिन्यांवर आली असताना गुरुजींच्या बदलीचा हुकूम पुन्हा आला.



त्या संध्याकाळी ते लंगडत माझ्या घरी आले, कोपऱ्यातला तोच दांडा माझ्या हातात दिला आणि चांगला पाय पुढे करून म्हणाले, "जीवरामभाऊ, एकच घाव घाला. मागच्या वेळी दुसरा उगाच घातलात."