आषाढातली बातमी

फाटक वाजलं तेव्हा हरिभाऊ केळीची वाळलेली पानं उतरवत होते. हातातला कोयता खाली ठेवायचं त्यांना सुचलं नाही. फाटकात त्यांचा मुलगा दिवाकर उभा होता. सोळा महिन्यांनी. नाक आणि गाल जळून काळे पडलेले, गॉगलच्या जागी तेवढी कातडी गोरी राहिलेली. मागे शेजारचा बेसिल सायकलच्या कॅरिअरवर त्याची ट्रंक धरून उभा. एरवी हा बेसिल एसटीच्या थांब्यापासून घरापर्यंत अख्ख्या भुईगावच्या बातम्या सांगत येणारा माणूस. आज त्याने ट्रंक ओटीवर टेकवली, हरिभाऊंकडे एकदा पाहिलं आणि सायकल वळवून निघून गेला.

"आलास?"

"आलो, भाऊ."

दिवाकर पाया पडला आणि ओटीवरच बसला. बूट काढायचंही त्याच्या जिवावर आलेलं दिसत होतं. हरिभाऊ त्याच्या प्रश्नाची वाट बघत उभे राहिले. पण आई कुठे आहे, असं त्याने विचारलं नाही.

उत्तर तर ते कधीचे घोकत होते. रुक्मिणी आषाढात गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. दहनानंतर हरिभाऊ दिवाकरच्या मुंबईच्या कचेरीत गेले, तेव्हा तिथले साहेब म्हणाले, तो आहे तिथे, अंटार्क्टिकात, आता रात्र आहे आणि समुद्र गोठलाय. पौषाच्या आत तो बर्फ फुटायचा नाही. तोवर जहाज नाही, विमान नाही. कळवायचं की नाही, तुम्ही ठरवा. हरिभाऊंनी ठरवलं. गावात सगळ्यांना बजावलं, की तो येईल त्या दिवशी मीच सांगेन, दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही.

महिन्यातून एकदा त्या कचेरीत वायरलेसवर दोन मिनिटं बोलायला मिळायचं. आधी दोघं जायची, आता ते एकटेच जाऊ लागले. आईचे गुडघे धरलेत. आईला बस लागते. आई अर्नाळ्याला मामाकडे गेलीय. दर वेळी नवं काहीतरी. घरी परतल्यावर इतका शीण यायचा, की दिवा न लावता तसेच पडून राहायचे.

"भाऊ, बसा," दिवाकर म्हणाला. "मला माहीत आहे."

हरिभाऊ कोयता खाली ठेवून बसले. "बेसिल बोलला?"

"कुणी बोललं नाही. तुमच्यामुळेच कळलं. नेहमी आई बोलायला बसायची. बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायचं, हे तिला कधी जमलं नाही. तुम्ही मागून ओरडायचात, ओव्हर म्हण, ओव्हर म्हण. मग एकदा तुम्हीच बसलात, आणि नीट ओव्हर म्हणालात. पुढे दर महिन्याला तिच्या न येण्याचं नवं कारण."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तुम्हाला सांगावं लागलं असतं. आणि तुम्ही सांगितलं असतं तरी मी येणार कसा होतो?"

वाडीत कुणाच्या तरी पाण्याच्या इंजिनाचा आवाज येत होता.

"मग केलंस काय तिथे?"

"काम. बर्फाला भोक पाडायचं, जाडी मोजायची. चार पावलं पुढे जाऊन पुन्हा भोक."

"किती होती जाडी?" दुसरं काय विचारावं ते हरिभाऊंना कळेना.

"शेवटी शेवटी माझ्या डोक्याच्या वर गेली."

"त्यावरनं काय कळतं?"

"एका वर्षावरून काहीच नाही." दिवाकरने डोळे मिटले. "पृथ्वी तापत चाललीय, असं काही जण म्हणतात. खरं असेल तर हा बर्फ बदलेल. पण ते समजायला वीस-तीस वर्षं मोजत राहावं लागेल. दर हिवाळ्यात कुणीतरी तिथे राहून."

"म्हणजे परत जाणार तू."

"विचारलंय त्यांनी. मी अजून काही बोललो नाही."

हरिभाऊंना राग आला नाही. राग यायलासुद्धा अंगात काहीतरी शिल्लक लागतं. सांगायचं ओझं गेलं होतं, तरी हलकं वाटत नव्हतं. ते उठले.

"चल विहिरीवर."

"आत्ता?"

"माणूस गेल्याची बातमी कानावर आली की अंघोळ करतात. तुझी राहिलीय."

"भाऊ, मला तर तेव्हाच कळलं होतं."

"कळलं असेल. तुला सांगितलं नाहीय कुणी."

दिवाकर पंचा नेसून विहिरीजवळच्या दगडावर बसला. हरिभाऊ त्याच्यासमोर उभे राहिले. घोकलेल्यातलं एकही वाक्य त्यांना आठवेना.

"दिवाकर, तुझी आई गेली," ते म्हणाले. "आषाढात. ताप आला होता. शेवटपर्यंत शुद्धीवर होती. तिकडे थंडी किती असेल रे, असं मला विचारत होती."

त्यांनी पोहरा ओढला आणि पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं. दिवाकरच्या तोंडून आवाज निघाला. फाल्गुनातली दुपार होती, पाणी काही तेवढं गार नव्हतं. हरिभाऊंनी दुसरा पोहरा ओतला, मग आणखी एक. रिवाजापुरतं झालं होतं. पण मुलगा उठेना. मान खाली घालून बसलेला, खांदे हलत होते, आणि पाणी पडत होतं तेवढा वेळ त्याचा चेहरा दिसत नव्हता.

हरिभाऊंचे दंड भरून आले होते. त्यांनी पोहरा पुन्हा विहिरीत सोडला.