फाटकाबाहेरचं मरण

“माँ को मरना ही पड़ेगा, विनता जी.”

कुठून दुर्बुद्धी सुचली आणि फोन स्पीकरवर लावला, असं विनताला होऊन गेलं. हात कणकेने भरलेले, म्हणून लावला होता. आणि समोर आई मटकी निवडत बसलेली. सोमवारी तिचं हृदयाचं ऑपरेशन.

फोनवर दिल्लीची गीतांजली होती. लेखकाची कादंबरी प्रकाशकाच्या गळी उतरवणारी एजंट. अशी एखादी एजंट मिळावी म्हणून विनताने दोन वर्षं कोणाकोणाला ईमेल धाडले होते. बहुतेकांनी साधं ‘नको’सुद्धा कळवलं नाही. आणि हिने आपणहून फोन केला, म्हणजे देव पावलाच म्हणायचा. पण देव हे काय मागून राहिला होता!

“अभी तो आपकी माँ ठीक होकर घर लौट आती है. ऐसे नहीं चलेगा. और आसान मौत मत दीजिए. तड़पने दीजिए उसे. पढ़नेवाला रो पड़े. शाम तक भेज दीजिए, कल मुझे प्रकाशक से मिलना है. फिर आपकी किताब मेरी ज़िम्मेदारी.”

“जी,” विनता म्हणाली.

फोन बंद झाला. आईने मटकीतला एक खडा उचलून बाजूला ठेवला आणि पुन्हा मान खाली घातली. ऐकलं सगळंच असणार. तिचं हृदय कमजोर होतं, कान नाही.

हात धुऊन विनता लॅपटॉपसमोर बसली, पण बोटं हलेनात. हिंदीत लिहिलेल्या त्या कादंबरीतली आई म्हणजे तिची आईच होती. नाव तेवढं बदललेलं. आणि ह्याच आईने लहानपणापासून बजावलेलं, घरात भलतंसलतं बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. घर ऐकत असतं, आणि ऐकलेलं खरं करतं. विनता शाळेत पोरांना विज्ञान शिकवायची. असल्या गोष्टींना हसायची. आज हसू येत नव्हतं. एक वाक्य लिहिलं, की पलीकडून आईचा खोकला ऐकू येई आणि ती ते पुसून टाकी.

आई दारात येऊन उभी राहिली. “काहून बसून राहिली अशी? लिही ना.”

“नाही लिहायचं मला. भीती वाटते, आई. जाऊ दे ती एजंट.”

“अच्छा! इतक्या दिवसांनी कोणी हो म्हटलं, अन् जाऊ दे? मारून टाक तुझ्या गोष्टीतल्या आईला.”

“आई! घरात असं बोलू नये, तूच तर सांगतेस.”

“हो, घरात नकोच.” आईने पायात चपला सरकवल्या. “चल बाहेर. फाटकाच्या बाहेर वास्तूचं काय चालते?”

आता बोला! शास्त्र आईचं आणि पळवाटही आईचीच.

लॅपटॉप घेऊन दोघी रस्ता ओलांडून समोरच्या कट्ट्यावर जाऊन बसल्या. जवळची फॅक्टरी सुटली होती. रांझी वस्तीतला तो सगळा रस्ता मोटरसायकलींनी आणि सायकलींनी भरून वाहत होता. आई मुद्दाम पाठ करून बसली. “मला वाचून दाखवू नको हं,” एवढं म्हणाली, आणि हातगाडीवाल्याला हाक मारली, “भैया, मेथी कैसे दी?”

विनताने नाक दाबून काढा प्यावा तसं लिहायला घेतलं. कादंबरीतल्या आईने पाणी मागितलं, तिला ते गिळवेना. ती मुलीचा हात धरायला धडपडली, श्वासासाठी तळमळली. विनता थांबलीच नाही. थांबलं तर पुन्हा सुरू करवणार नाही, हे तिला ठाऊक होतं. शेवटचं वाक्य संपलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की चांगलं उतरलं आहे. फार चांगलं. त्याचीच तिला लाज वाटली.

“झालं?” पाठमोऱ्या आईने विचारलं.

“झालं.”

“गेली?”

“गेली.”

“चलो,” म्हणत आई गुडघ्यांवर हात टेकून उठली. विनता तिच्या मागोमाग निघाली. घरात जायचं, चहा टाकायचा आणि पाठवून द्यायचं. एवढंच तर उरलं होतं.

फाटकाच्या कडीला हात घालून आई थबकली. मागे वळली नाही.

“विनू, फार त्रास झाला का गं तिला?”

आई कडी काढत होती, पुन्हा लावत होती. आत पाऊल टाकत नव्हती. मघापासून मेथीचा भाव करणारी, मारून टाक म्हणणारी ही बाई किती घाबरली आहे, ते विनताला आत्ता दिसलं.

“नाही गं. झोपेतच गेली. कळलंसुद्धा नाही तिला.”

“खरंच?”

“खरंच.”

“बरं झालं बाई,” आई म्हणाली आणि मेथीची जुडी पोटाशी धरून आत गेली.

विनता आत गेली नाही. ती पुन्हा कट्ट्यावर येऊन बसली. लॅपटॉप उघडून तिने लिहिलेलं सगळं पुसलं, पाणी मागितलं तिथपासून थेट शेवटपर्यंत. मग लिहिलं, “रात को माँ खाना खाकर सो गई.”

फोन वाजायला लागला. गीतांजली. विनताने तो पालथा ठेवला आणि गोष्टीतल्या आईच्या पायांवर पांघरूण घातलं.