गोणपाटाएवढी जागा
जमुना सुक्या बोंबलांची दुसरी पाटी घेऊन बाजारात आली आणि तिचं डोकंच फिरलं. सासूच्या काळापासून राखलेल्या जागेवर, तिच्याच गोणपाटावर, सायवन गावची एक म्हातारी रानभाजीचे वाटे मांडून बसली होती. पुढ्यात जमुनाची लेक भाविनी, कमरेवर हात ठेवून उभी. “आई, या मासळीवाल्यांनी या आजीला कुठंच बसू दिलं नाही, म्हणून मी बसवलं.” “तुला जागा सांभाळायला ठेवलं होतं की वाटायला? परवा शाळेत भांडण, आज इथं! हात टेकले बाई या पोरीपुढं!” शेजारच्या मासळीवाल्या हसल्या. “उठव तिला. आज बसली, उद्या जागा तिचीच होईल.” म्हातारी निमूट वाटे उचलू लागली. भाविनी ते परत मांडू लागली. “घरी चल, तुला बघतेच,” जमुना खेकसली. डोक्यावरची पाटी तिनं मासळीवाल्यांमध्ये आदळली. “सरका गं! माझ्या जागेवर माणूस बसलंय, दिसत नाही?”