मांडीचा बाक

"बापाच्या हाडाला जो नुसतं हाड म्हणतो, त्याची चूल मांडू नकोस," असं आईने लुडविनाला बजावलं होतं. कॉलेजात शिकलेल्या लुडविनाने ते हसण्यावारी नेलं.

आता ती सागो माडाच्या पिठाची पोळी उलटत होती. तान्हं पाठीवरच्या पिशवीत होतं. नवरा, आल्फोन्स, होडीचं इंजिन पुसत बसला होता. ते परवाच आलं होतं, आंगोरामच्या व्यापाऱ्याबरोबर. कशाच्या बदल्यात, हे त्याने सांगितलं नव्हतं.

सासरे, बोनिफास, खांबांवरच्या घराच्या शिडीशी बसले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. रोजच्यासारखा त्यांनी दंडावरच्या पट्ट्यातून बापाच्या मांडीच्या हाडाचा तासलेला खंजीर काढला आणि त्यावरून अंगठा फिरवला. अंगठा थांबला.

"हा कोण?"

"आजोबाच की," आल्फोन्सने मानही वर केली नाही.

"माझ्या बापाच्या मांडीला बाक होता. हे सपाट आहे. हा पक्षी आहे, कॅसोवरी."

लुडविनाने इंजिनाकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे.

"हाड ते हाड!" आल्फोन्स उसळला. "आजोबांना आता कुणाला भोसकायचंय? इंजिन निदान पोराला दवाखान्यात तरी नेईल."

"बरोबर." म्हातारा शांत होता. "कॅसोवरीला नावं ठेवू नयेत. त्याचा नर स्वतः अंड्यांवर बसतो. कुणी आलं तर लाथ घालतो. माझ्या घरात तेवढाही नर निपजला नाही."

"बाबा, पुरे."

"तू घाबरू नकोस रे. तुझी मांडी कुणी तासणार नाही. तुला सबंधच पुरतील."

खंजीर त्यांनी लुडविनाच्या हातात दिला. "नारळ सोलायला घे, पोरी." आणि चाचपडत शिडी उतरून ते आपल्या जुन्या होडीत बसले.

"बाबा, तुम्हाला दिसत नाही!" लुडविना ओरडली.

"नदीला दिसतं. बापाला घेऊन येतो."

"थांबा, इंजिनाने सोडतो," आल्फोन्स म्हणाला. म्हातारा इंजिनावर सुपारीची लाल पिंक टाकून वल्हं मारत निघून गेला.

आज चौथा दिवस. आल्फोन्स म्हणतो, भूक लागली की येतील. पोराला ताप आहे, लुडविनाला घर सोडता येत नाही. सेपिक नदीच्या खालच्या अंगाला जाणार असाल, तर आंगोरामच्या धक्क्यावर जरा बघा हो. एक म्हातारा. कुणाकडे काही मागणार नाही. तुम्हीच विचारा, जेवलात का म्हणून.