घरची कोंबडी

सासूबाईंनी नातीच्या तोंडात बोट घातलं आणि घास बाहेर काढला.

"थुंक. थुंक म्हणते ना! सगळं थुंक."

पोरीने भोकाड पसरलं. तापातून उठल्यावर आज पहिल्यांदा ती आपण होऊन ताटावर बसली होती. सून हातात डाव धरून तशीच उभी राहिली. तिला आधी वाटलं, हाड असेल, घशात अडकलं असतं. पण सासूबाईंनी ताट उचललं आणि त्यातलं सगळं पातेल्यात परत ओतलं.

"ही कुठली कोंबडी?"

"आपल्या पोल्ट्रीच्या शेडमधली," सून म्हणाली. "परसातल्या दोन्ही कोंबड्या बोक्याने नेल्या. तुम्ही बाहेर गेला होतात, हिला काहीतरी गरम हवं होतं. म्हटलं, मागे अख्खी शेड भरलीय, बाजारात कशाला जायचं? तिथल्या माणसाकडून एक साफ करून घेतली."

"विचारायचं तरी होतंस गं मला!"

"कोंबडीचं काय विचारायचं?"

तेवढ्यात सासरे आणि नवरा हात धुऊन आत आले. पातेलं बघून दोघांनाही काय ते कळलं. सासऱ्यांनी हसून वेळ मारून न्यायचा प्रयत्न केला. "अगं, आपल्या घरात त्या चवीची सवय नाही कुणाला. जाऊ दे. पोरीला दूधभात द्या."

"चव?" सासूबाई भडकल्या. "पोरीच्या पोटात गेलं असतं आणि तुम्ही चव काय घेऊन बसलात!" मग त्या सुनेकडे वळल्या. "तू कधी आत गेलीस शेडमध्ये? पक्षी विकायला गाडीत भरायच्या आधी चार दिवस जाऊन बघ. पाय टाकायला जागा नसते. छाती अशी फुगते त्यांची, की धड उभं राहवत नाही. खाद्यात औषध, पाण्यात औषध. ऊन कसं असतं ते ठाऊक नाही बिचाऱ्यांना. मी आत जायचंच सोडलं, आणि खायचंही सोडलं. महिन्यातून एखादी शिजते या घरात, तीही परसातली, स्वतःच्या पायांनी हिंडलेली. तेवढ्यावर भागवतो आम्ही. शेडमधल्याला आम्ही कोंबडी म्हणतच नाही. तो पक्षी. विकायचा."

लग्न झाल्यापासून शहरात राहिलेली सून मागच्याच महिन्यात या घरात राहायला आली होती. पक्षी आले, पक्षी भरले, पक्षी गेले, हे ती रोज ऐकत होती. तिला आपली ती धंद्याची भाषा वाटायची. आणि परसातल्या कोंबड्या म्हणजे सासूबाईंची हौस.

तिने नवऱ्याकडे बघितलं. "तुला माहीत होतं?"

"त्यात माहीत असण्यासारखं काय आहे? सगळे शेडवाले असंच करतात. लोक खातातच की. काही होत नाही कुणाला."

"मग बस. खा." तिने पातेलं त्याच्यापुढे सरकवलं.

तो बसला नाही. उगाच टॉवेलला हात पुसत राहिला, कोरडे हात.

"आणि दर रविवारी माझ्या माहेरी काय जातं?" तिने विचारलं.

तिच्या वडिलांचं ऑपरेशन झाल्यापासून या घरून दर रविवारी साफ केलेले दोन पक्षी तिच्या माहेरी जात होते. रस्सा पिऊन त्यांच्या अंगात ताकद यावी म्हणून. सासऱ्यांनी ते स्वतःहून सुरू केलं होतं, आणि त्या एका गोष्टीसाठी ती त्यांना देवासारखं मानत आली होती. आता तिला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं.

"आज गाडी गेली?"

"सकाळीच," सासरे म्हणाले.

तिने फोन उचलला. सासूबाईंनी झटकन तिचं मनगट धरलं.

"असं एकदम नको सांगूस, बाई. माझं ऐक. पुढच्या रविवारपासून बंद करू, काहीतरी कारण काढू. आज सांगितलंस तर त्यांना तोंड कसं दाखवायचं आम्ही? आणि तुलाही याच घरात राहायचंय."

शेवटचं वाक्य त्या अगदी हळू बोलल्या. सुनेने मनगट सोडवून घेतलं, फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"शंभर वर्षं आयुष्य आहे गं तुला!" तिची आई पलीकडून खुशीत बोलत होती. "आत्ताच तुझं नाव काढलं. कोंबडी पोचली हो. आज तर बाबांनी आपणहून मागून घेतली. व्याहीबुवा आहेत का जवळ? दे बरं त्यांना, एकदा आभार मानू दे तोंडभरून."

सुनेने फोन सासऱ्यांपुढे धरला. त्यांनी आपल्या तोंडाने सांगावं, एवढंच तिला हवं होतं. तेवढं केलं असतं तर तिने सगळं पोटात घातलं असतं.

सासऱ्यांनी घसा खाकरला. बायकोकडे बघितलं, मुलाकडे बघितलं. मग नेहमीच्या मोठ्या, मोकळ्या आवाजात म्हणाले, "अहो विहीणबाई, आभार कसले मानता? घरचीच आहे असं समजा!"

सुनेने त्यांच्यापुढून फोन काढून घेतला.

"आई, बाबा जेवायला बसले?"

"हो, हे काय आत्ताच बसलेत. पहिलाच घास आहे. का गं?"

"ताटावरून उठव त्यांना."